माहुली-तानसा: चालणाऱ्यांसाठी साडेचार, सायकलवाल्यांसाठी तीन

आधी गुण, मग कारणं. तानसा अभयारण्यातली माहुली किल्ल्याची पायवाट पाचपैकी साडेचार. त्याच अभयारण्यातला आटगाव ते तानसा तलाव हा सायकलचा रस्ता तीन. वाटेवरच्या खुणा माथ्याखालच्या लोखंडी शिडीपर्यंत अडीच, शिडीच्या वर एक. पिण्याचं पाणी शून्य. शेवटचे दोन आकडे डोक्यात ठेवून निघालात तर दिवस सुखाचा जातो. माहुलीहून वैतागून परतलेल्यांच्या बहुतेक तक्रारी याच दोन गोष्टींवर येऊन थांबतात.

ठाणेकरांचा रविवार शहराला लागून असलेल्या येऊरला उगवतो आणि येऊरलाच मावळतो. घराजवळ आहे, म्हणून जातो. पण पाटोणपाड्यापर्यंत गाड्यांची रांग, पुढे जंगलात शिरायला निर्बंध, आणि सायकलला जेमतेम चार-पाच किलोमीटरचा घाट. पोट भरत नाही. तासभर लोकलमध्ये बसायची तयारी असेल तर तानसाचं सुमारे ३२० चौरस किलोमीटरचं जंगल समोर येतं. १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या जंगलाचा मोठा भाग शहापूर तालुक्यात आहे. माहुली किल्ला याच हद्दीत येतो, हे अनेकांच्या गावी नसतं. तो किल्ला आहे म्हणजे कधीही जा, कुठेही चूल पेटवा, वर तंबू ठोका, असं गृहीत धरलं जातं. तसं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा इथे लागू आहे. पायथ्याच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरूनच आत जायचं. शेकोटी चालत नाही, आणि परवानगीशिवाय मुक्कामही नाही. शुल्कासाठी सुटे पैसे रोखीत ठेवा.

ठाण्याहून आसनगावला जायला गाडीपेक्षा लोकल बरी. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, कसारा किंवा आसनगाव लोकलने साधारण तास-सव्वा तास. वासिंद सुटलं की डाव्या खिडकीतून माहुलीची डोंगररांग आणि तिच्या टोकाचे सुळके दिसू लागतात. ढग सुळक्यांच्या खाली उतरलेले दिसले तर वर धुकं आहे हे तिथेच ओळखावं. गाडीने गेलात तर नाशिक हायवेच्या माजिवडा ते वडपे या टप्प्यातली कोंडी परतताना हमखास भेटते, आणि सहा तास चालून आलेल्या पायांना क्लच दाबत बसायची शिक्षा नको. आसनगाव स्टेशन ते माहुली गाव पाच-सहा किलोमीटर. रिक्षा मिळतात. भाडं आधी ठरवा.

आता मुख्य चढ. पायथा ते माथा सुमारे सातशे मीटर उंची चढायची आहे. माथ्याची उंची ८५८ मीटर, म्हणजे २८१५ फूट. हे आकडे कळसूबाईसमोर लहान वाटतात. पण तिथे चढ सुरू होतो तेच बऱ्याच उंचीवरून, इथे मात्र कोकणाच्या सखल, दमट हवेतून. घाम जास्त जातो, वारा वरच्या धारेपर्यंत लागत नाही, आणि सातशे मीटर पाहता पाहता हजाराचे वाटायला लागतात. नियमित चालणाऱ्यांना शिडीच्या तळापर्यंत अडीच तास, सवय नसलेल्यांना साडेतीन. गटाचा वेळ नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्यावरून धरा.

पहिला टप्पा सोपा. गावातलं शंकराचं देऊळ, नाका, मग जवळपास सपाट वाट आणि ओढा. याच भागात लोक सर्वाधिक चुकतात, आणि कारण गमतीशीर आहे: वाटा कमी नाहीत, जास्त आहेत. लाकूडफाट्याच्या, गुरांच्या, धबधब्याकडे जाणाऱ्या. धबधब्याची वाट पर्यटकांनी इतकी रुंद केली आहे की तीच मुख्य वाट वाटते. ओढ्यापाशी थांबून बघा: किल्ल्याची वाट ओढा ओलांडून समोरच्या सोंडेला भिडते. प्रवाहाच्या कडेकडेने दगडांतून वर सरकायला लागलात तर तुम्ही धबधब्याकडे निघाला आहात. ढोरवाट ओळखायची युक्तीही सोपी: फांद्या कमरेपासून चेहऱ्यापर्यंत आडव्या येत असतील तर ती वाट गुरांनी पाडली आहे, माणसांनी नाही.

सोंडेवर चढल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो आणि इथेच खरा दम लागतो. साग, ऐन, कुडा यांच्या झाडीतून सरळ वर जाणारी वाट, मुळांच्या नैसर्गिक पायऱ्या, मधे मधे मुरमाचा घसारा. चढताना घसाऱ्याचा त्रास होत नाही, म्हणून तो लक्षात राहत नाही, आणि उतरताना फजिती होते. झाडांवर आणि दगडांवर रंगाचे बाण आहेत, काही पुसट. दहा मिनिटांत एकही बाण दिसला नाही तर शेवटच्या बाणापर्यंत मागे फिरा. पुढे मिळेल म्हणून रेटणं हा सह्याद्रीतला सर्वांत महागडा आशावाद आहे.

झाडी संपून धार उघडी पडते तिथे पहिल्यांदा वारा लागतो आणि समोर कातळकडे दिसतात. फोटो काढायला सगळे इथेच थांबतात. थांबा, पण सावली नाही हे लक्षात घ्या. ऑक्टोबरात आणि मार्चनंतर या धारेवर दहाच्या आत पोहोचायलाच हवं. म्हणजे पायथ्यावरून सातला निघायला हवं, म्हणजेच ठाण्याहून पाचच्या सुमाराची लोकल. नऊच्या लोकलने येणारे गट भर दुपारी या धारेवर असतात आणि तिथूनच परततात. त्यांच्या मते माहुली 'ओव्हररेटेड' असतो.

शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी. मजबूत आहे, फार उंच नाही, पण रविवारी गर्दीची गाठ इथेच पडते. तीन नियम पाळले तर काही होत नाही. एका वेळी एकच माणूस. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. आणि चढण्याआधी सॅकचे सगळे लोंबणारे पट्टे आत खोचा, कारण पट्टा पायरीत अडकला की माणूस नेमका चुकीच्या क्षणी मागे ओढला जातो. हातात काठी, फोन किंवा बाटली धरून शिडी चढणारे दर रविवारी दिसतात. सॅकला बाजूचा खिसा असतो, तो त्यासाठीच.

शिडी चढून आलं की बरेच जण 'झाला किल्ला' म्हणून टाक्यापाशी डबा उघडतात. वास्तविक किल्ला इथून सुरू होतो. माहुली हे तीन भागांचं दुर्गत्रिकूट आहे: उत्तरेला पळसगड, मधे माहुली, दक्षिणेला भांडारगड. निजामशाही वाचवण्याच्या शेवटच्या धडपडीत १६३६ मध्ये शहाजीराजांनी याच किल्ल्याचा आसरा घेतला होता. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुली होता आणि १६७० मध्ये तो परत घेतला गेला. हे माहीत असेल तर महादरवाजाचे अवशेष आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या नुसते दगड वाटत नाहीत. टाक्यातलं पाणी पिऊ नका. गाळून, उकळून वगैरेचा मोह टाळा, खालून आणा.

इथून पुढे माझ्या गुणपत्रिकेतला तो 'एक' गुण लागू होतो. माथा उघडा बोडका नसून दाट झाडीचा आहे. पावसाळ्यानंतर कारवीची झुडपं डोक्याच्या वर वाढलेली असतात, खालची वाट दिसत नाही, आणि दोन्ही बाजूला भिंत उभी राहिल्यासारखं होतं. कडा दिसत नाही, सूर्य दिसत नाही, दिशा जाते. यालाच चकवा म्हणतात, आणि तो भुताचा नसून कारवीचा असतो. उपाय असा: मोबाइलवर वाटेचा जीपीएस ट्रॅक आदल्या रात्रीच उतरवून ठेवा, कारण रेंजचा भरवसा नाही. शिडीच्या वरच्या टोकाला ट्रॅकवर खूण करून घ्या. सगळ्यांच्या परतीचा बिंदू तोच. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून एक फोटो काढा, कारण परतताना तीच वाट उलट्या बाजूने वेगळी दिसते. गट मोठा असेल तर पहिला आणि शेवटचा माणूस ठरलेला असावा, आणि शेवटच्याने पुढे कितीही शिट्ट्या वाजल्या तरी जागा सोडू नये. सर्वांत उत्तम म्हणजे गावातून वाटाड्या घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भांडारगडाला वाटाड्याशिवाय जाऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

भांडारगड मात्र सोडू नका. शिडीपासून तिथे जायला साधारण तासभर. वाटेत खिंडीत उतरून पुन्हा चढावं लागतं. दक्षिण टोकावरून नवरा-नवरी आणि भटोबा हे सुळके समोर असे उभे राहतात की सातशे मीटरचा हिशेब वसूल. टोकाला कठडा नाही, गवत कड्याच्या काठापर्यंत येतं आणि काठ कुठे संपतो ते गवतात कळत नाही. काठापासून दोन मीटर आधी बसा आणि बसूनच बघा. कल्याण दरवाजाची वाट याच खिंडीच्या बाजूला आहे. तिला दोर, हार्नेस आणि जाणकार माणूस लागतो. 'जरा खाली उतरून बघू' म्हणायची ती जागा नाही. पळसगडाबद्दल थोडक्यात: वाट मोडलेली, झाडोरा जास्त, दृश्य भांडारगडापेक्षा कमी. तिसऱ्या खेपेला बघा.

वेळेचं गणित एका ओळीत: शिडीच्या वर साडेअकरा वाजून गेले असतील तर भांडारगड विसरा, देवड्या बघून उतरा. उतरायला दोन ते अडीच तास लागतात आणि ते चढण्यापेक्षा कठीण असतात.

उतरताना घसरतात ते घाईमुळे नाही, टाचेमुळे. घाबरलेला माणूस मागे झुकतो, वजन टाचेवर जातं, आणि टाचेखालचा मुरूम बेअरिंगच्या गोळ्यांसारखा सरकतो. गुडघे किंचित वाकवून, वजन पुढे, पाऊल पूर्ण टेकवून, छोटी छोटी पावलं. बूट घसरत असतील तर पाऊल थोडं तिरकं टाका. बुटांच्या तळव्याची नक्षी झिजली असेल तर हे सगळं ज्ञान वाया. सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालणारे लोक स्वस्तातले 'ॲक्शन ट्रेकिंग'चे बूट का घालतात याचं उत्तर याच घसाऱ्यावर मिळतं: तळव्याचं रबर मऊ आहे, खडकाला धरतं. सुंदर दिसणारे, कडक तळव्याचे महागडे बूट ओल्या कातळावर साबणासारखे वागतात. बोटाची नखं आदल्या दिवशी कापा. उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आपटून नख काळं पडतं, ही इथली सर्वांत सामान्य दुखापत.

पाणी माणशी तीन लिटर, मार्च ते मे चार. हिशेब सोपा आहे. चढताना तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतं, बाहेरचा वेळ सहा ते आठ तास. निम्मं पाणी शिडीच्या वर शिल्लक असलंच पाहिजे, नसेल तर तिथूनच परता. नुसतं पाणी पीत राहिल्याने पोटऱ्यांना गोळे येतात, कारण घामातून मीठही जातं. ओआरएसची दोन पाकिटं, नाहीतर मीठ-साखर-लिंबू. खायला चिवडा, शेंगदाणा चिक्की, दशम्या. फुगीर पिशवीतले वेफर नकोत, जागा खातात आणि रिकामं पाकीट किल्ल्यावरच पडून राहतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये कड्यांवरून पांढऱ्या रेघा सुटतात आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली अख्खी इथे लोटते. धोका कड्यावर नाही, सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून हसत ओलांडलेल्या त्या ओढ्यात आहे. भोवतीचा डोंगर कातळाचा, माती पातळ. पाऊस मुरत नाही, थेट खाली येतो आणि आजूबाजूच्या घळी एकाच ओढ्यात रित्या होतात. वर तासभर जोराची सर पडली की खाली अर्ध्या तासात पाणी गुडघ्यावर, मग मांडीवर. खाली ऊन असलं तरी. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा दगड गडगडण्याचा आवाज आला, तर ओलांडू नका. बसून राहा. जसं चढतं तसंच उतरतं, बहुतेक वेळा दोन-तीन तासांत. दोर बांधून, हातात हात धरून साखळी करून ओलांडणं टाळा. एक घसरला की साखळीच जाते. म्हणून पावसाळ्यात सॅकमध्ये टॉर्च, कोरडा शर्ट आणि एका वेळेचं जादा खाणं ठेवायचं. याच काळात प्रशासन धबधबे, धरणं, किल्ले यांवर मनाई आदेश काढतं. आदल्या दिवशी बातमी बघून निघा, नाहीतर नाक्यावरून परत.

कुठला महिना? नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट. हवा स्वच्छ, ओढा ओलांडायला सोपा, कारवी वाळू लागलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिरवळ सुंदर, पण कारवीच्या पानाखाली गांधीलमाशीची छोटी पोळी असतात आणि फांदी बाजूला सारताना हातच त्यावर पडतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, फांदी काठीने सारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, बघण्यासारखा असतो. एप्रिल-मे मध्ये वणव्याने काळे झालेले पट्टे, पानगळीमुळे सावली नाही. कशाला जायचं?

आता सायकल. आधीच स्पष्ट करतो: इथे सायकलसाठी आखलेली जंगलवाट नाही. माहुलीच्या पायवाटेवर एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) न्यायचा विचार कुणी करत असेल तर तो खांद्यावर सायकल घेऊन किल्ला चढण्याचा विचार आहे. सायकलवाल्यांच्या उपयोगाचा आहे तो आसनगावच्या पुढच्या आटगाव स्टेशनहून तानसा तलावाकडे जाणारा डांबरी रस्ता, एका बाजूने साधारण दहा-बारा किलोमीटर, चढउताराचा, मोठा भाग जंगलातून. तीन गुण एवढ्यासाठी, की रस्ता शांत आणि देखणा आहे, पण आला त्याच वाटेने परतायचं, आणि तिथपर्यंत पोहोचणं हाच निम्मा वैताग आहे.

ठाण्यापासून सायकल चालवत आटगाव म्हणजे ६० किलोमीटरच्या आसपास, तेही नाशिक हायवेवरून. रुंदीकरणाची कामं, ट्रक, धूळ, शिवाय जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाल्याने वडप्याच्या पट्ट्यात वाढलेली वर्दळ. समृद्धीवर सायकलला बंदीच आहे. शंभर किलोमीटरच्या वर रोज सराव करणारे करोत बापडे. बाकीच्यांनी सायकल गाडीवर लादावी किंवा लोकलने न्यावी. लोकलच्या मालडब्यात सायकल नेता येते, लगेजचं तिकीट लागतं, आणि पहाटेची गाडीच धरायची. गर्दीच्या वेळी भाजीच्या पाट्यांशी आणि दुधाच्या किटल्यांशी भांडायला जाऊ नका, हरणार तुम्हीच.

मालडब्यात सायकल चेनची बाजू भिंतीकडे किंवा खाली करून ठेवू नका. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ज्या कानावर लटकतो तो मऊ ॲल्युमिनियमचा असतो. कुणाची पाटी सायकलवर टेकली की डिरेलर भिंतीवर दाबला जाऊन तो आत वाकतो, डोळ्याला कळतही नाही. मग पहिल्याच चढावर मागची सर्वांत मोठी चकती लावली की डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि चाक जागच्या जागी थांबतं. म्हणून आटगावला उतरल्यावर मागचं चाक उचलून सगळे गिअर एकदा फिरवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. सुटा कान जवळ असेल तर उत्तम. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, ऐनवेळी आटगावात मिळणार नाही.

या रस्त्याला हायब्रिड सायकल सर्वांत योग्य. ३५ ते ४० मिलिमीटर रुंद टायर, ७० ते ७५ किलोच्या माणसासाठी ५० ते ५५ पीएसआय हवा. एमटीबीचे २.१ इंची टायर असतील तर ३० ते ३५. रोडबाइकचे २५ मिलिमीटर टायर चालतात, पण पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात काठावर आपटले की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दोन भोकं दिसली तर हवा कमी होती, एकच असेल तर काटा. काटा असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसत फिरवा. बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर करतो. बोट फिरवू नका, फडकं अडकलं की काटा सापडतोच. दोन ट्यूब, पंप, लिव्हर, पॅच आणि चेनची एक जोडकडी एवढं सोबत असावं. मधे पंक्चरवाला मिळेल या भरवशावर निघू नका.

रस्त्यात काय नडतं? पाड्यांजवळचे न रंगवलेले गतिरोधक. पावसानंतर वळणावर वाहून आलेला मुरूम, ज्यावर पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. फेब्रुवारीपासून सागाची मोठाली वाळलेली पानं कडेला साचतात आणि डांबराची तुटलेली कड झाकतात. समोरून जीप आली म्हणून तुम्ही कडेला जाता आणि चाक चार इंच खाली. थांबून पाय टेकणं शहाणपणाचं. कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मधे धरून चाला, त्यांचा रस लगेच संपतो. या जंगलात बिबट्या आहे, त्यामुळे उजाडल्यावर निघा आणि सूर्य मावळायच्या आत हायवेला लागा.

तलावाशी पोहोचल्यावर अपेक्षा माफक ठेवा. दगडी बांधकामाचं हे धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवतं, तेही पंप न लावता, उताराने. तलाव भरून वाहू लागतो ती पातळी १२८.६३ मीटर, आणि जुलैत पेपरात 'तानसा ओसंडून वाहू लागला' हा मथळा येतो तो या आकड्यावरून. जलवाहिन्या, त्यांच्या कडेचा सेवारस्ता आणि धरणाची भिंत हे सगळं मुंबई महापालिकेच्या ताब्यात आहे. भिंतीवर जायला परवानगी लागते. जलवाहिनीच्या कडेचा तो सपाट, रिकामा रस्ता सायकलला बोलावत असतो, पण रक्षकाने अडवलं तर हुज्जत घालू नका. पोहायला उतरणं तर सोडाच, ते पिण्याचं पाणी आहे.

पक्षी बघणाऱ्यांसाठी हा रस्ता सायकलस्वारांपेक्षाही मोलाचा. १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला न दिसलेला, संपलाच असं मानलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याच्या जंगलात सापडला आणि २०१४ मध्ये तानसातही दिसला. हा पिंगळा दिवसा वावरतो, विरळ सागाच्या जंगलात उंच फांदीवर बसतो. त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलवायचा उद्योग करू नका. आपल्या हद्दीत परका आला समजून तो खाणं, पिल्लं सोडून आवाजामागे धावत राहतो. दुर्बीण घ्या, उभे राहा, गप्प राहा.

जेवणाचं. माहुली गावात सांगून ठेवलं तर घरगुती जेवण मिळतं: भाकरी, पिठलं किंवा भाजी, भात. सकाळी चढायच्या आधी माणसं मोजून सांगा, वेळ दोन ते तीन द्या आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. तानसाच्या रस्त्याला अशी सोय गृहीत धरू नका. आणि एक गोष्ट, जरा कडू आहे: ज्या तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणा ही धरणं आहेत त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मार्चनंतर कुणाच्या दारात उभं राहून चार बाटल्या भरून मागू नका. नाही कुणी म्हणणार नाही, म्हणूनच.

कुणी जावं? माहुलीला दहा-बारा वर्षांच्या वरची, चालायची सवय असलेली मुलं शिडीपर्यंत आरामात येतात. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी पायथ्याचं देऊळ आणि ओढ्यापर्यंतची सपाट वाट एवढंच करावं, त्यातही सकाळ सार्थकी लागते. सायकलला पंधरा किलोमीटरची सवय असलेला कुणीही चालेल. दोन्ही एकाच दिवशी करायचा बेत करू नका. सकाळी किल्ला आणि दुपारी तानसा हे कागदावर बसतं, पण किल्ला उतरलेले पाय पॅडल मारायला तयार नसतात आणि तानसाचा रस्ता दुपारी तापलेला असतो.

परतीचं आधीच ठरवा. सकाळी ज्या रिक्षाने गावात आलात त्या चालकाचा नंबर घेऊन तीन-साडेतीनची वेळ सांगून ठेवा. संध्याकाळी गावात रिक्षा उभी असेलच असं नाही, आणि मग स्टेशनपर्यंतचे ते पाच-सहा किलोमीटर डांबरावरून, काळ्या पडलेल्या अंगठ्यांनी चालावे लागतात.